रौदाने गप्प केलेले इशारे

रमजानातली उतरती दुपार होती. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या एका कचेरीतली माणसं उपास सोडायला एकेक करून घरी निघाली होती. रौदाही निघालीच होती, पण मालक मुन्जी दारात आडवा आला.

"तपासणीच्या कोडमध्ये अजून तीन इशारे येतायत, बाईसाहेब. ते घालवा, मग खुशाल शोरबा प्या."

"मुन्जीसाहेब, उद्या सकाळी नीट करते. हा कोड तीन जातींच्या संगणकांवर चालतो, तिन्हींवर..."

"नीट कोण मागतंय? गप्प कर त्यांना! तुझ्या आधीचा हबीब ऐकायचा माझं, निमूटपणे गप्प करायचा. शेवटी ठार बहिरा होऊन गेला, ते सोड."

दार आपटून तो गेला. माजोरडा मेला!

काम तसं किरकोळ होतं. श्वासयंत्राची तपासणी करणारा हा सी भाषेतला कोड. एका संगणकावर आकडा मोठा, दुसऱ्यावर तोच लहान, आणि छापायचा साचा मात्र एकच. साचा मापाचा नसला की कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुरकुरतो, इशारा देतो. खरा उपाय साचा बदलण्याचा. आळशी उपाय म्हणजे आकडाच दाबून लहान करायचा, की कंपायलरचं तोंड बंद. रौदाची आई घरी याच कंपनीच्या यंत्रावर श्वास घेत होती, म्हणून आजवर तिने हा आळस कधी केला नव्हता. आज भुकेने आणि रागाने तिचं डोकं फिरलं होतं.

पहिला आकडा तिने दाबला. इशारा गेला, आणि पंख्याची घरघर थांबली. तिने वर पाहिलं. पंखा गरगर फिरतच होता.

"भुकेने कान बसले वाटतं..." असं पुटपुटत तिने दुसरा दाबला. रस्त्यावरचे भोंगे बंद झाले. खाली गाड्या मात्र धावत होत्या. कचेरीत जळक्या तारेचा वास सुटला. मानेवर कुणाचा तरी गार श्वास पडला, तशी एकदाचं संपवून पळायचं म्हणून तिने तिसराही दाबला.

मिनारावर दिवे लागले. समोरच्या गच्चीवर लोकांनी खजूर तोंडात टाकला. बांग तिला ऐकूच आली नाही.

तिने भावाला व्हिडिओ कॉल लावला. शुक्री जेवत होता. त्याच्या पाठीमागे आईच्या यंत्राचा लाल दिवा उघडझाप करत होता. त्या यंत्राचा भोंगा वाजला की अख्खी चाळ जागी व्हायची, आणि हा पठ्ठ्या मजेत पाव बुडवत बसला होता.

"शुक्री... मागे बघ... आई!"

तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. शुक्री हसला, कानाकडे बोट दाखवून मान हलवली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रौदाने तिन्ही ओळी होत्या तशा केल्या. इशारे परत यायला हवे होते. आले नाहीत. मग तिने मुद्दाम चुका केल्या, साचे वाटेल तसे मोडले, रडत रडत कंपायलर पुन्हा पुन्हा चालवला. पडदा दरवेळी स्वच्छ.

तेवढ्यात त्या रिकाम्या कचेरीत मागून कुणीतरी तिची पाठ थोपटली, अगदी हलकेच, शाबासकी देतात तशी.