वैद्यबुवा येतात कुणासाठी?

मी स्टुलावरून पडले तेव्हा मला कुणीही झेललं नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी ज्या मालिका बघते त्यांत असं कधीच होत नाही. तिथे राजवाड्याच्या पायरीवरून मुलगी घसरली रे घसरली, की सेनापती कुठूनसा उडत येतो, तिची कंबर धरतो, दोघं हवेत गोल गोल फिरतात, वरून फुलांच्या पाकळ्या पडतात आणि कुणाला साधी चक्करसुद्धा येत नाही. मी मात्र वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा ओढायला गेले आणि ताग्यासकट धाडकन खाली आले. समोर दारात एक उंच तरुण उभा. दोन्ही हात पसरलेले… पण त्या हातांत भलाथोरला आरसा!

"लागलं का?" त्याने आरशामागून विचारलं.

"छे, पडून आराम करतेय! धरता नाही आलं?"

"धरलं असतं. पण मग आरसा पडला असता."

"म्हणजे माझ्यापेक्षा आरसा महाग?"

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला हो! मग म्हणाला, "आरसा फुटला असता तर काचा तुमच्याच अंगावर आल्या असत्या. म्हणून तोच घट्ट धरला."

आता यावर माणसाने भांडायचं तरी कसं? मी कंबर चोळत उठले. आरशात माझंच ध्यान दिसत होतं — केस पिंजारलेले, गालावर खडूचा पांढरा फराटा, गळ्यात मोजपट्टी. आणि वरच्या कडेवरून डोकावणारे दोन हसरे डोळे.

आमचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. आई मालकीण. थोरली ताई काउंटरवर बसते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. मी तिच्या पाठीमागच्या मोठ्या टेबलावर कापड बेतते आणि हाताची बारीक शिलाई करते. आईने कपडे घालून बघायच्या खोल्या नव्या करायला काढल्या होत्या आणि त्यांचे आरसे बसवायला हा काचवाला आला होता.

माझं वेड म्हणाल तर एकच : जुन्या काळातल्या चिनी मालिका. बटणांच्या डब्याला फोन टेकवायचा, कानात हेडफोन घालायचा आणि टाके घालत बघत बसायचं. त्यांच्या त्या रुंद बाह्या बघितल्या की मी आधी मनात कापड मोजते, मग नायक कसा आहे ते बघते. आणि प्रेम? अहो, नजरेला नजर भिडायला दहा भाग जातात आणि हाताला हात लागायला आणखी दहा! मनातलं बोलायची वेळ आली की नेमका बाण येऊन लागतो नाहीतर राजाचं बोलावणं येतं. मग मी दुकानात ओरडते, "अगं बोल ना एकदाची, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?" आणि ट्रायल रूममधली गिऱ्हाईकं दचकतात.

आम्हा वेड्यांचा फोनवर एक गट आहे. कोण कुणाला शोभतं यावर तिथे हमरीतुमरी चालते. सध्याच्या मालिकेत राजकुमारीच्या मागे दोघं होते, सेनापती आणि वैद्यबुवा. मी कट्टर सेनापतीवाली. गटात माझ्या शब्दाला मान होता, कारण जोडी जमवण्यात माझा हात कुणी धरत नसे. नजर कुठे रेंगाळते ते बघायचं, बस्स. पहिल्या भागात मी सांगते, शेवटच्या भागात तसंच होतं.

तेव्हा काचवाल्याची नजर काउंटरकडे वळते हे माझ्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? आरसे लावून झाले, तरी हा येत राहिला. एकदा म्हणे कडा घासायच्या राहिल्यात. एकदा म्हणे स्क्रू ढिला असेल. स्क्रू चांगला घट्ट होता! काम करता करता तो हळूच मान वळवायचा, काउंटरच्या दिशेने बघायचा आणि पुन्हा मान खाली घालायचा.

मी मनाशी म्हटलं, ठरलं तर. हा अबोल, ताई अबोल. हा देखणा, ताई तर लाखात एक. जोडी अशी, की गटात टाकली असती तर मतदानच घ्यावं लागलं नसतं. आणि बोलतंय कोण? दोघांपैकी कुणीच नाही. मग कुणीतरी कंबर कसायला नको?

मी कसली.

एका दुपारी पाऊस धो धो कोसळत होता. ताईला बँकेत जायचं होतं, तोही निघाला होता. मी दुकानातल्या सगळ्या छत्र्या ताग्यांमागे दडवल्या, एकच ठेवली. एक छत्री, दोन माणसं — यावर मालिकांचं निम्मं पोट चालतं! ताईने छत्री उचलली, "येते गं," म्हणाली आणि एकटीच चालू पडली. तो दारात तसाच उभा.

"अहो, जा ना तिच्याबरोबर!" मी म्हणाले.

"कशाला? मला बँकेत काम नाही."

"भिजाल की."

"मग थांबतो," तो म्हणाला आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर चक्क बसला. बाहेर पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता. दारात उभं राहून भिजलेल्या त्याच्या बाहीवरून थेंब निथळून कापडावर पडतील म्हणून मी त्याला टॉवेल दिला. त्याने हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"तुमची ती मालिका बघायला लागलो मी," तो मध्येच म्हणाला.

माझ्या हातातली सुई थांबली. "खरं? कुणाच्या बाजूचे?"

"वैद्याच्या."

"शी! मिळणार नाही हं त्याला राजकुमारी. लिहून घ्या."

"नकोच मिळू दे," तो म्हणाला आणि हसला.

कसला हा चाहता, मला कळेना. पण पाऊस थांबेपर्यंत आम्ही भांडत राहिलो. सेनापती नुसता मिरवतो, असं तो म्हणाला. मी म्हणाले, वैद्य नुसता पाला कुटतो आणि राजकुमारीच्या दासीच्या हाती पुड्या देत बसतो. मी बोलताना तो हनुवटी हातावर टेकवून ऐकायचा, जणू पुढे काय होणार हे मलाच ठाऊक होतं. तो गेल्यावर टॉवेल वाळत घालायचं सोडून मी किती तरी वेळ हातात धरून बसले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

उलट संध्याकाळी आईकडे गेले आणि जमवलेलं सगळं सांगितलं. आई एकदम खूश. काचवाला कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, त्याची आई नर्स होती, माणसं भली आहेत. तिने लगेच फोन लावला. रविवारी त्याने आणि त्याच्या आईने ताईसाठी घरी यायचं ठरलं.

"आता तुला भाऊजी मिळणार गं!" आई मला म्हणाली.

भाऊजी.

मी तेव्हा एका कोटाची बाही बेतत होते. कात्री चालत होती आणि डोक्यात तो एकच शब्द. याला मी भाऊजी म्हणायचं? हा आमच्याकडे जेवायला येणार, ताईशेजारी बसणार, आणि मी वाढत म्हणणार, "घ्या ना भाऊजी"? खाली बघते तो काय, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. कापड गेलं वाया. मी तिथेच फतकल मारून बसले. मला तो आवडत होता. स्क्रू ढिला आहे म्हणाला होता, त्या दिवसापासून आवडत होता.

आता मालिकेतली पोरगी असती तर काय केलं असतं? बहिणीच्या सुखासाठी डोळे पुसून, बर्फात पाठ फिरवून निघून गेली असती. अशा पोरींना मी आजवर पोटभर शिव्या घातल्यात. त्याग कसला डोंबलाचा! रविवारच्या आत बोलायचं, मी ठरवलं. झालं तर झालं, नाही तर निदान तोंडाने तरी सांगितलं असेल.

पण आधी ताईला सांगायला हवं होतं. तिच्या पाठीमागून काही करायचं नव्हतं मला.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू मला एकदा तरी विचारलंस?"

"काय?"

"मला तो आवडतो का. मला लग्न तरी करायचंय का. तू ठरवलंस, आईने फोन केला, दोघी नाचायला लागलात. मी काय तुझ्या फोनमधली राजकुमारी आहे? मला आत्ता लग्न नकोय. करायचं असेल तेव्हा कुणाशी ते मी सांगेन."

ताई चिडून बोलली असती तर परवडलं असतं. तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्या गळ्यात पडले आणि खूप वेळ "चुकलं गं, चुकलं" एवढंच म्हणत राहिले.

"पुरे," तिने शेवटी माझ्या पाठीत धपाटा घातला. "बडबडे, सगळ्यांचं जमवत फिरतेस. आता जा आणि स्वतःचं बोल."

त्याचं काचेचं वर्कशॉप गल्लीच्या टोकाला होतं. तो मोठ्या टेबलावर वाकून काच कापत होता. हातात काच कापायचा हिरा, पट्टीला लावून सरळ रेघ ओढणं चाललेलं. मी दारातूनच सुरुवात केली, कारण थांबले असते तर धीर सुटला असता.

"मला तुम्ही आवडता. ताईसाठी नाही, माझ्यासाठी. रविवारचं सगळं मीच जमवलंय, आणि ते मला मोडायचंय. तुमच्या मनात ताई असेल तर तसं—"

त्याने मान वर न करता डावा हात उचलला. थांबा!

मी इथे काळीज काढून टेबलावर ठेवतेय आणि हा थांबा म्हणतो? रेघ सरसर करत टोकापर्यंत गेली. त्याने काच टेबलाच्या कडेशी आणून दाबली, टक्क आवाज झाला, दोन स्वच्छ तुकडे झाले. मग त्याने हातमोजे काढले.

"रेघ मध्येच थांबली की काच वाया जाते," तो म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते. "हं. आता पुन्हा म्हणा."

"मुळीच नाही! एकदाच सांगणार होते."

"बरं. मग मी विचारतो. मी वैद्याच्या बाजूचा, हे तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"आत्ता मालिका कुठे काढलीत? वैद्याचं राजकुमारीवर प्रेम आहे, तसं तुमचं—"

"राजकुमारीला झालंय काय?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग तो रोज राजवाड्यात का येतो? दार कोण उघडतं?"

"…दासी."

"पुड्या कुणाच्या हातात देतो?"

"दासीच्या."

"ती तर निरोप पोचवण्यात इतकी गुंतलीय, दुसऱ्यांचं जमवण्यात इतकी गुंतलीय, की तिला वाटतं, हा राजकुमारीसाठीच येतो." तो हसला. "आणि ती बडबडते तेव्हा हा…"

"…उभा राहून ऐकत असतो," मी म्हणाले.

अरे देवा! एवढा माझा अभ्यास, आणि डोळ्यांसमोरची जोडी मला दिसली नाही! काउंटरकडे नाही, काउंटरच्या मागे बघत होता तो. माझ्या टेबलाकडे.

"तुमच्या आईचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणालो," तो म्हणाला. "माझी आई म्हणाली, मी हो म्हणून बसलेय, तूच जाऊन नीट सांग. रविवारी तेच सांगायला येणार होतो. मी बोलतो सगळं, तू काळजी करू नकोस."

'तू' म्हणाला! पण मी मान हलवली. "नाही. गोंधळ मी घातलाय, निस्तरणारही मीच."

घरी सगळं सांगितलं, तर आई ऐकायलाच तयार नव्हती. "थोरली असताना धाकटीचं? आणि बोलावलंय मी मोठीसाठी. माझ्या तोंडाला काळं फासणार आहात का दोघी? रविवारी कुणी अवाक्षर काढायचं नाही."

रविवारी ते आले. त्याची आई ठेंगणीशी, केस बारीक कापलेली, नजर मोठी तीक्ष्ण. तो खुर्चीत ताठ. आईने ताईला हाक मारली, "ये गं, बस अशी." ताई जागची हलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झाले आणि ती खुर्ची ओढून स्वतः बसले.

"काकू, आईने तुम्हाला ताईसाठी बोलावलं, कारण मी तिला चुकीचं सांगितलं. ताईला लग्न करायचं नाही, आणि मी तिला विचारलंही नव्हतं. मला तुमचा मुलगा आवडतो. मला राग पटकन येतो, मी फार बोलते, काम करताना मालिका बघते. पण मला हाच हवाय. तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या पुन्हा विचारायला येईन."

आईने कपाळाला हात लावला.

त्याच्या आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फोनवर मला सांगितलं, मुलगी अगदी शांत आहे. मी तेव्हाच म्हटलं, मग आमच्या घरात बोलणार कोण?" ती लेकाकडे वळली. "आणि तुझं काय रे? सगळं तिनेच बोलायचं?"

तो उठून उभा राहिला. एवढा उंच माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

"मला हीच हवी," तो म्हणाला. मग आईकडे, माझ्या आईकडे बघून पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "पहिल्या दिवसापासून हीच."

आई ताईकडे बघत राहिली. ताई हसून मान डोलवत होती. "तुला खरंच नको होतं?" आईने हळूच विचारलं. "खरंच नको होतं, आई." मग आईने पदराने डोळे टिपले आणि माझ्यावरच खेकसली, "आता बसलीस काय नुसती? बोल की काहीतरी!"

आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, एक शब्द सुचेना. मी सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले.