काचेखालची रेघ

ते साल एकोणीसशे शहाऐंशी. आमचा ट्रक आम्ही उंच करून घेतला ते साल. अजूनही घरात कुणी जुनी गोष्ट काढली की मी तिथूनच मोजते: हे ट्रक उंच होण्याआधीचं, हे नंतरचं.

आम्ही तेव्हा दगडखाणीवर राहत होतो. हे खाणीतल्या यंत्रांची देखभाल बघायचे. पत्र्याच्या छपरांची एका ओळीतली घरं आणि सगळ्यांवर पिठासारखी धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने लिहिता यायचं. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आमच्याकडेच असायच्या. त्या शिवणकाम करायच्या. गळ्यात कायम मापाची टेप, जिभेवर कायम टोमणा. पण माणूस सोन्यासारखं.

धुळीचा खरा त्रास होता आमच्या चिमीला. सहा वर्षांची पोर, आणि दमा असा की छाती भात्यासारखी चालायची. इस्पितळ नदीपलीकडे. नदीवर पूल नव्हता, नुसती फरशी होती. म्हणजे तळाशी काँक्रीट ओतून केलेला रस्ता, पाऊस सुरू झाला की पाण्याखाली जाणारा. मधोमध एक खांब होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. पाणी किती पट्टे चढलं ते बघायचं आणि जायचं की नाही ते ठरवायचं.

ट्रक खाणीचाच जुना, चारही चाकांनी ओढणारा, हिरव्या रंगाचा. खाणीने काढून टाकला तेव्हा ह्यांनी हौसेने घेतला. आदल्या वर्षीच्या पावसात चिमीचा श्वास कोंडला तेव्हा हे तिला त्यातूनच घेऊन निघाले. मी माहेरी गेले होते. फरशीच्या मधोमध इंजिनात पाणी शिरलं आणि गाडी बंद पडली. पाणी चढत चढत दाराच्या काचेखाली बोटभर येऊन थांबलं. मागे खडी भरलेली होती म्हणून गाडी वाहून गेली नाही. खाणीच्या लोकांनी तारेचा दोर लावून ती ओढून काढली. पोर निळी पडली होती, श्वास नव्हता, असं सगळे सांगतात. आणि मग काठावर आणल्यावर ती आपली आपण श्वास घेऊ लागली.

मधल्या वेळात गाडीत काय झालं, ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "पोरगी समोर खेळतेय ना? मग झालं."

दारावर गाळाची एक रेघ राहिली होती. ती ह्यांनी ब्रशने घासून काढली.

पुढच्या पावसाआधी गाडी उंच करून घ्यायची, हे मात्र पक्कं ठरलं. आम्ही दोघंही गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री उंचीने माझ्या खांद्याएवढे. लोक त्यांना तोंडावर बुटके मिस्त्री म्हणायचे आणि ते हसायचे. "देवाने माझी जी उंची कापली, ती मी लोकांच्या गाड्यांना वाटतो," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. गाड्या उंच करायचे तयार संच त्यांनी मागवून ठेवले होते. एका खोक्यात लोखंडी ठोकळे, एकात नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या कमानदार स्प्रिंगा, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेल्या.

"दोन इंच हवे असतील तर एक्सल आणि पाट्यांच्या मधे हे ठोकळे," मिस्त्री म्हणाले. "चार इंच हवे असतील तर पाटेच बदलायचे, जास्त कमानीचे. मग शॉकअप लांब, ब्रेकच्या नळ्या लांब, सगळंच आलं."

"आणि सहा?" ह्यांनी विचारलं.

"सहा इंचांत गाडी राहत नाही साहेब, शिडी होते. पाण्याच्या जोराने आडवी पडेल. काय वहिनी?"

"मला पोरीला पलीकडे न्यायचंय," मी म्हणाले. "इंच तुम्ही दोघं बघा."

ह्यांनी ठोकळे हातात घेतले आणि बाजारात वजन अजमावावं तसे तोलून बघितले. मग म्हणाले, "आधी दोन. बघू तरी."

बघू तरी म्हणजे काय बघायचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर हे एकदा रिकामी गाडी पलीकडे नेऊन आले. खांबाचा एकच पट्टा बुडलेला, म्हणजे पाणी गुडघ्याच्याही खाली. गाडी अंगणात आली तेव्हा वन्सं ओसरीत बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवली.

दारावर रेघ होती. काचेखाली बोटभर.

वन्संनी गळ्यातली टेप काढून ती मोजली. मागच्या वर्षी जिथे होती तिथेच.

"लाट उडाली असेल," हे म्हणाले.

"लाट शिंतोडे उडवते रे. ही तर मी पट्टी धरून खडूने मारल्यासारखी आहे."

"तायडे, तू तुझी बटणं लाव."

पण त्याच आठवड्यात गाडी पुन्हा मिस्त्रींकडे गेली. ठोकळे निघाले, नवे पाटे बसले. चार इंच. ट्रक इतका उंच झाला की चिमीला चढवायला स्टूल लागायचं. "बाबा, आपली गाडी टाचा उंच करून उभी राहिलीय," ती म्हणाली. आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत.

त्यानंतर रेघ दिसली नाही, कारण हे गाडी घरी आणण्याआधीच धुऊन आणायचे. मी एकदा खाणीच्या नळावर त्यांना बघितलं. दार धुऊन झालं होतं, आणि ते अंगातला शर्ट काढून पिळत होते. कॉलरमधून पाणी गळत होतं. आभाळ त्या दिवशी कोरडं होतं.

मग वन्संनी तो शर्ट कॉलर उलटवायला घेतला. उसवलेल्या शिवणीतून बारीक रेती मशीनवर सांडली. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि बोटाने पसरली.

मग म्हणाल्या, "माप एकदाच घ्यायचं असतं. मग माणूस स्टुलावर उभा राहो की माडीवर, सदरा तिथेच येतो."

"वन्सं, असलं काही बोलू नका."

"मी कुठे काय बोलते? मी शिवणाचं बोलते."

रेघेची गोष्ट मिस्त्रींच्या कानावर गेलीच. माणूस दुखावला. चार इंच म्हणजे चार इंच, माझ्या कामात खोट नाही, मी स्वतः बघतो, म्हणून दुपारच्या जेवणाआधी ते आमच्या दारात हजर. गाडीखाली शिरून त्यांनी सगळं मोजलं. सगळं बरोबर होतं. हात पुसत ते बाहेर आले आणि त्याच वेळी आतून चिमीचा तो आवाज आला. कितीही वर्षं झाली तरी मी ओळखेन तो आवाज. शिट्टीसारखा, आत ओढलेला.

घरातलं औषध देऊन झालं. ओठ निळे व्हायला लागले. मी तिला उचललं आणि ट्रककडे धावले. हे दाराला हात लावून उभे होते आणि दार उघडत नव्हते.

"अहो!"

"हो," ते म्हणाले. आणि बसले.

मिस्त्री ट्रकच्या मागच्या हौद्यात चढून उभे राहिले. वन्सं ओसरीत टेप मुठीत आवळून.

नदीवर आलो तेव्हा ऊन होतं. पाणी स्वच्छ, खालचं काँक्रीटही दिसत होतं. खांबाचा एक पट्टा जेमतेम बुडलेला. मिस्त्रींनी खाली उडी मारली, पँट दुमडली आणि "मी पुढे चालतो, बघाच तुम्ही," म्हणत पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं. त्यांच्यासारख्याच्या गुडघ्याला. माझा जीव भांड्यात पडला.

गाडी पाण्यात उतरली.

आधी पायांना गार लागलं. मला वाटलं, दाराच्या फटीतून आलं असेल. मग पोटऱ्या. मग मांड्या. इंजिनाचा आवाज बदलला, उशीखाली दाबल्यासारखा झाला, आणि ह्यांनी गाडी थांबवली. मी चिमीला छातीवर घेतलं, मग खांद्यावर.

"खाली बघू नकोस," हे म्हणाले.

मी बाहेर बघितलं. पाणी काचेखाली बोटभर होतं. सपाट, गढूळ, त्यावरून काटक्या वाहत होत्या. त्याच पाण्यात, माझ्यापासून दोन हातांवर, मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे होते. पाय स्वच्छ दिसत होते.

"का थांबलात साहेब?" ते ओरडले. "पाणी तर काहीच नाही!"

"अहो, हे काय आहे?"

"तू पोरीला घेऊन उतर. तुम्हा दोघींना लागायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी उतरून बघितलंय एकदा," ते म्हणाले. "माझे पाय तळाला टेकत नाहीत."

चिमीचा श्वास आता ऐकू येत नव्हता.

मी दार ढकललं. इतक्या पाण्यात ते उघडायला नको होतं. ते अलगद उघडलं, हवेत उघडावं तसं. मी उडी मारली आणि तळ लगेच लागला. पाणी माझ्या गुडघ्याखाली होतं.

मिस्त्रींनी हात पुढे केले. मी पोर त्यांच्याकडे दिली नाही. मी धावले.

काठावर चढून मागे बघितलं. ट्रक येत होता. चाकं अर्धी पाण्याबाहेर होती, पाट्यांची नवी कमान उन्हात चकाकत होती. समोरच्या काचेत हे दिसले. त्यांनी हनुवटी वर उचलून धरली होती. तोंड मिटलेलं. पाणी नाकाशी आलेला माणूस जसा मान ताणून धरतो, तसे ते कोरड्या गाडीत बसले होते.

ट्रक काठावर आला. मी चढले. सीट कोरडी होती. माझे कपडे गुडघ्यापर्यंतच भिजले होते. ह्यांचा शर्ट गळ्याच्या बटणापर्यंत ओला होता. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी थेट इस्पितळाच्या दारात नेऊन लावली.

चिमी वाचली.

पुढच्याच वर्षी नदीवर पूल झाला आणि आम्ही खाण सोडली. ट्रक एका ठेकेदाराने घेतला, लांबच्या कोरड्या माळावर काम होतं त्याचं. त्याने वर्षाच्या आत दार बदलून नवं बसवलं. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मिस्त्रींनी गाड्या उंच करायचं काम बंद केलं. मला ते पुढे एका लग्नात भेटले, इकडतिकडचं बोलले, नदीचं नाव काढलं नाही. वन्सं पुष्कळ जगल्या. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायच्या, पण भावाचं माप त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. त्याचे कपडे त्या तयार आणायच्या.

हे सोळा वर्षांपूर्वी गेले. शहरातल्या ह्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, ऐन उन्हाळ्यात, स्वतःच्या पलंगावर. शेवटची कितीतरी वर्षं ते तीन उश्या घेऊन झोपायचे, हनुवटी वर करून. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं की छातीत पाणी भरतं, या वयात होतं असं. मी मान डोलावली. होतंच असेल.

चिमी आता पंचेचाळिशी ओलांडून गेली. तिला दम्याची आठवणही नाही. रविवारी येते आणि मला दटावते.

पलंग ह्यांचाच, मी त्यावर झोपते. गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या चारही पायांवर, फळीखाली बोटभर, एक पुसट रेघ दिसायची. लादी पुसताना ओलं लागत असेल, असं मी स्वतःला सांगत होते. गुडघ्यांमुळे मला खालून उठवत नाही, म्हणून परवा चिमीने सुताराकडून लाकडी ठोकळे करून आणले आणि चारही पायांखाली सरकवले. "घे आई, चार इंच," ती हसत म्हणाली. "आता टुणकन उठशील."

आज सकाळी मी वाकून बघितलं. ठोकळे कोरडे होते. रेघ फळीखाली बोटभरच होती. हात लावला तर ओली लागली, आणि बोटाला बारीक रेती आली.

चिमीला मी काही सांगितलेलं नाही. कपाटातून अजून दोन उश्या तेवढ्या काढून ठेवल्या आहेत.