उन्हाळघराचा रंग

रुजुता घटाटे प्रयोगशाळेत शिरली तेव्हा समोरची भिंत पिस्त्याच्या रंगाची होती. ती खुर्चीत बसेपर्यंत भिंत करडी झाली.

"चिडलेल्या दिसता," डॉ. पळसोकर कौतुकाने भिंतीकडे बघत म्हणाले.

"भिंतीकडे काय बघताय? मी इकडे बसलेय."

पळसोकरांनी मान वळवली. सजग लेप त्यांनी शोधला होता आणि भिंतींशी त्यांचं जास्त जमत असे.

गोष्ट साल दोन हजार एकाहत्तरमधल्या नागपूरची. होळी झाली की पावसापर्यंत दिवसा जमिनीवर राहायची सोय उरली नव्हती. म्हणून प्रत्येक घराखाली उन्हाळघर असणं कायद्याने सक्तीचं झालं होतं. घटाट्यांचं नुकतंच बांधून झालं. फरशी बसली, न्हाणीघर झालं, उरला तो रंग आणि सजावट. रुजुता स्वतः कापडाच्या रंगांची रसायनशास्त्रज्ञ. तिने तयार केलेला लाल अर्धा विदर्भ नेसत होता. घरातल्या एकाही भिंतीचा रंग मात्र तिला विचारून लागलेला नव्हता. या वेळी तिने आपणहून सांगून टाकलं: विटकरी भिंती, काळं शिसवी कपाट, कोपऱ्यात एक पिवळा दिवा. वर्षाचे चार महिने मलाच दिवसभर तिथे बसून काम करायचंय.

सांगितलं, हीच चूक झाली. घटाट्यांकडे आपल्याला काय हवंय ते कोणी सांगत नसे. सासूबाई, म्हणजे मायराबाई, म्हणाल्या, "लाल? चालेल की. माझं काय, मला काहीही चालतं. डोकं उठेल, पण बाम आहे." नवरा निहार म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला मध्ये घेऊ नका." आणि कोणालाच काही ठरवावं लागू नये म्हणून त्याने भिंतींना सजग लेप लावून घेतला. पडदे आणि सोफ्याची कापडंही त्याच लेपाच्या धाग्याची. माणसांचा श्वास आणि नाडी वाचून खोली स्वतःच रंग ठरवणार होती.

"तुमची खोली मला हाकलते," रुजुता म्हणाली. "मी खाली उतरले की भिंती आंबलेल्या वरणासारख्या पिवळ्या होतात आणि सोफा जांभळा. मला मळमळतं. मी वर जाते. वर कूलर लावूनसुद्धा अंगाची लाही होते. आणि मी गेले की म्हणे खाली सुंदर मोतिया रंग येतो."

"हाकलते हा शब्द आमच्या माहितीपत्रकात नाही."

"मग कोणता आहे?"

"अनुकूलन. हे बघा, लेप प्रत्येकाचा क्षोभांक मोजतो. किती अस्वस्थ आहात तो आकडा. मग सगळ्यांची बेरीज करतो आणि ती कमीत कमी व्हावी म्हणून रंग बदलून बघतो. तुमच्या घरी त्याला असं दिसलं, की तुम्ही खोलीत नसलात की बेरीज धाडकन उतरते."

"कारण राग मला येतो."

"तुमचा आकडा तर जातोच, शिवाय इतरांचाही उतरतो. तुम्ही रागावलात की त्यांनाही त्रास होतो ना."

"मला राग का येतो, हे नाही मोजत तो?"

"तो लेप आहे, मॅडम."

"माझ्या घरात माणसंही आहेत. तीही नाही मोजत." भिंत आता डांबरासारखी झाली होती. "म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो तोच बेरीज वाढवतो, आणि जो बेरीज वाढवतो त्याला बाहेर काढायचं. वा! याला बक्षीस कोणी दिलं तुम्हाला?"

पळसोकरांनी तीन संस्थांची नावं सांगितली.

"थांबवायचं कसं?"

"थांबवायची गरजच नाही. बेरीज सलग तीन दिवस तळाला स्थिर राहिली, काही करून आणखी उतरेना, की लेप पक्का होतो. मोजणं कायमचं बंद. पुढे ती साधी भिंत." त्यांनी पडद्यावर घटाट्यांचा आलेख पाहिला. "तुमचं होतच आलंय. तुम्ही दोन दिवस वर आहात ना? उद्या संध्याकाळी पक्का."

रुजुता उठली. ती काय समजायचं ते समजली होती. खोलीकडे रंगाशिवाय हत्यार नव्हतं, आणि ते चालायचं फक्त उठून जाणाऱ्या माणसावर.

घरी येऊन ती चटई, पाण्याचा माठ आणि संगणक घेऊन खाली उतरली. मोतिया भिंतींसमोर मायराबाई लोड टेकून बसल्या होत्या.

"आलीस? बरं केलंस," त्या म्हणाल्या. भिंती पिवळ्या पडल्या.

रुजुता हलली नाही. सोफा जांभळा झाला, पडदे शेवाळी. तिला उमासा आला. तिने तो गिळला आणि काम चालू ठेवलं. लेपाने रात्रभर तिच्यावर रंग घालून पाहिले. सकाळी, बहुधा थकून, त्याने इतरांवर प्रयोग सुरू केला.

निहार अर्ध्या तासात उठला. "मी वर बसतो जरा, डोळ्यांना कसंसंच होतंय." बेरीज उतरली. खोलीला रस्ता सापडला. मायराबाईंनी बाम लावला, देवाचं नाव घेतलं, आणि जेवणाच्या आत त्याही गेल्या. सहन करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. सराव नव्हता.

आता एकटी रुजुता उरली. खोलीने शक्य ते सगळं केलं. पण तिचा आकडा चढेना की उतरेना. मनात राग होता, पण सपाट. असा सपाट राग सांभाळायला ती लग्नानंतर शिकली होती.

वरून निहार जिन्यातून ओरडला, "अगं, तू पाच मिनिटं वर ये ना! म्हणजे खोली सुधारेल. आईला उकडतंय!"

"मलाही उकडत होतं. दोन दिवस. तेव्हा तू खाली होतास."

"तेव्हा तू बोलली नाहीस!"

"बोलले होते, निहार. विटकरी म्हटलं होतं."

निहारची पावलं परत वर गेली.

तिसऱ्या संध्याकाळी भिंतीतून बारीक टक् असा आवाज झाला. लेप पक्का झाला होता. कुजलेल्या पेरूचा रंग, जो जगात कोणालाही आवडला नसता. पळसोकरांच्या कंपनीचा निरोप आला: अभिनंदन! आपल्या कुटुंबाच्या मनातला रंग सापडला आहे.

रुजुताने मोजणी बंद असल्याची खात्री केली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या विटकरी रंगाचा डबा मागवला. साध्या भिंतीला साधा रंग लागतो.

एक भिंत होत आली तेव्हा मायराबाई पदराने वारा घेत जिना उतरल्या. निहार त्यांच्या मागे, दोन पायऱ्या राखून.

"निदान विचारायचं तरी," त्या म्हणाल्या.

"विचारते. आवडला का, आई?"

मायराबाईंनी तोंड उघडलं. सवयीचं वाक्य ओठांपर्यंत आलेलं दिसलं. पण उकाड्यात त्यांचाही संयम संपला होता.

"नाही! मुळीच नाही आवडला! डोळ्यांत खुपतो. मला मोतिया हवा होता, पहिल्या दिवसापासून!"

निहार दचकून भिंतीला टेकला. त्याच्या सदऱ्याला विटकरी पट्टा उमटला.

"बघा, सांगता येतं," रुजुता म्हणाली. "वरच्या बैठकीला लावा मोतिया. सोमवारी दाखवते छटा."

आणि तिने भिंतीला रंगाचा दुसरा हात मारायला घेतला.