छपरावरची फांदी

टेक्सासमधल्या प्लेनो शहराच्या जुन्या वस्तीतलं ते लाकडी घर परीक्षितने हट्टाने घेतलं. सुलेखाला ऑफिसजवळचं नवं घर हवं होतं. इथले नियम कडक होते. घराचा रंग बदलायचा तरी वस्तीच्या कमिटीला विचारायचं, आणि मोठ्या झाडांना तर परवानगीशिवाय हातही लावायचा नाही.

मागच्या अंगणात पिकॅनचं, अक्रोडासारख्या फळांचं, थोराड झाड होतं. त्याची एक जाड फांदी थेट छपरावर आडवी गेली होती. मार्चमधल्या वादळात ती अशी करकरली की तेव्हापासून परीक्षितची झोप उडाली. कमिटीने कौलांना घासणाऱ्या बारीक डहाळ्या छाटायला होकार दिला, पण फांदी राहू द्या म्हणून बजावलं. परीक्षितने शनिवारी माणसं बोलावून ती बुंध्यापासून उतरवली.

"घर आपलं, झाड आपलं," एवढंच तो सुलेखाला म्हणाला.

चेनसॉ सुरू झाला तशा गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद होत गेल्या. भांडायला कुणी आलं नाही. शेजारच्या मिसेस हॅनली एरवी कुंपणापाशी गप्पांना थांबायच्या. काम संपल्यावर त्या आल्या. कापलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंही नाही, गवताकडेच पाहत राहिल्या.

"आता त्या फांदीला टेकायला दुसरं काहीतरी लागेल," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या या दोघांशी कधी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलेखा कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसली. गवतावर झाडाची सावली पडली होती आणि त्या सावलीत ती फांदी होती, जाड, पानांनी भरलेली. तिने वर पाहिलं. तिथे नुसतं आभाळ होतं.

परीक्षितने उन्हाचा कोन, वरच्या फांद्या असं बरंच काही समजावलं. पण त्या दिवसापासून गवताच्या तेवढ्या पट्ट्यावरून चालणं त्याने सोडलं.

नोव्हेंबरात झाडाची पानं झडली. सावलीतली फांदी तशीच भरगच्च राहिली. हळूहळू ती पायऱ्या चढून आली, मग किचनच्या खिडकीतून टेबलावर. ढगाळ दिवशीही असायची. परीक्षित जिथे बसेल तिथे ती त्याच्या डाव्या खांद्यावर यायची. तो त्या बाजूला कलून चालू लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"आपण हे घर विकू या," सुलेखा म्हणाली.

त्याने डावा खांदा चोळला. मग म्हणाला, "ती ऑफिसातही असते."

तरी दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन अपार्टमेंट बघायला गेली. नवी इमारत होती, आजूबाजूला सिमेंटचं सपाट पार्किंग. भर दुपार. नजर जाईल तिथवर झाड म्हणून नव्हतं.

परीक्षित गाडीतून उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. वारा नव्हता. त्याच्या पांढऱ्या शर्टवर पानांच्या सावल्या हलत होत्या.

सुलेखा त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

सावली तिच्या हातावर आली नाही. हाताखालीच राहिली.

तळव्याला पानांची खरखर लागली.