तिसऱ्यांदा ती रडली नाही

परिषदेचा पहिला दिवस नेहमीसारखाच सुरू झाला. नाश्त्याला बाजरीची कढत लापशी आणि चवळीची भजी होती. माइक खरखरत होता. लागोसहून येणारे एक वयस्क तत्त्वज्ञ, ज्यांना दर वर्षी ‘प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण’ मांडायचं असतं, पुढच्या रांगेत जागा धरून बसले होते. मन आणि मेंदू यांच्यावर आमच्याकडे दर वर्षी ही परिषद भरते. मेंदूचे डॉक्टर येतात, मानसशास्त्राचे लोक येतात आणि माझ्यासारखे तत्त्वज्ञानाचे मास्तरही येतात. यंदा ती केप कोस्टला, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या सभागृहात होती. वाळवंटावरून वारा येण्याचे दिवस होते. हवेत इतकी धूळ होती की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

मी अराबा एसिल्फी. तर्कशास्त्र शिकवते. ‘मला वाटलं’ हा पुरावा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. म्हणून पुढचं सांगताना जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच सांगेन.

यंदा मी भांडायला गेले होते.

सकाळचं मुख्य व्याख्यान प्रोफेसर हेफ्रन यांचं होतं. विषय, ‘स्मरणाविना शोक’. या माणसाचं नाव आणि मानमरातब एका चित्रफितीवर उभा आहे. तीत एक बाई दिसते. शास्त्राच्या भाषेत तिचं नाव ‘ई. बी.’. खरं नाव एकुआ बेंट्सिवा. माझ्या आईची थोरली बहीण, म्हणजे आमच्या रीतीनं माझी थोरली आई. कोटोकुराबाच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान होतं. मेंदूत ताप गेला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात नवं काही टिकेना. दोन-चार मिनिटं गेली की पाटी कोरी. हेफ्रन तिला उपचारासाठी म्हणून आपल्या केंद्रात नेत. घरच्यांना वाटे, बरी करतील. चित्रण होतंय हे आम्हाला कळलं ते तिच्या मरणानंतर. संमतीचा कागद मागितला तर त्यावर तिचा अंगठा होता. तिला सही येत होती. उत्तम सही करायची ती. ती फीत नष्ट करा, म्हणून मी दोन वर्षं सगळ्यांकडे अर्ज करत होते.

चित्रफितीत ती एका लाकडी बाकावर बसलेली असते. डोक्याला तारा लावायच्या म्हणून तिचा रुमाल काढून घेतलेला. डोकं बांधल्याशिवाय ती कधी दारात उभी राहिली नव्हती. तरुण हेफ्रनचा आवाज विचारतो, “तुझा भाऊ क्वामेना कुठं आहे?”

“होडी घेऊन गेलाय. संध्याकाळी येईल.”

“तो चार वर्षांपूर्वी बुडाला, बाई.”

ती रडते. पोटातून येणारं रडणं ते. मग पडद्यावर काळं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच: भाऊ कुठं आहे? संध्याकाळी येईल. बुडाला. पुन्हा तसंच रडणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. असं तीनदा. त्यावरून प्रोफेसर सिद्ध करतात की आठवण गेली तरी दुःखाची यंत्रणा शाबूत राहते.

त्या सकाळी दुसऱ्या रडण्याला मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. वाईट मनानं नसेल. तोच तो प्रसंग पुन्हा आला की माणूस हसतो. पण मला राग आवरेना. मी उठणार इतक्यात तिसरी खेप सुरू झाली. भाऊ कुठं आहे? होडी घेऊन गेलाय. तो बुडाला, बाई.

ती रडली नाही. तिनं मान वर केली आणि समोर पाहत राहिली.

चित्रफीत संपली. टाळ्या झाल्या. कुणालाच वावगं वाटलं नव्हतं, कारण बहुतेकांनी ती प्रथमच पाहिली होती आणि हेफ्रन पडद्याकडे पाठ करून उभे होते. मला वाटलं, रागाच्या भरात माझंच पाहण्यात चुकलं. मी उठून माइक घेतला.

“ही बाई माझी थोरली आई आहे,” मी म्हणाले. “तिला भाऊ मेल्याचं दुःख आयुष्यात एकदाच व्हायचं होतं. यांनी ते तिला किती वेळा दिलं, ते यांनी इथं सांगावं. आणि ती मेल्यावरही दर वर्षी ते कशासाठी चालू आहे, तेही सांगावं.”

हेफ्रन हसले. “मुली, तिला थोड्या वेळानं काही आठवत नसे. ज्याची आठवण नाही, त्याची इजा कुठली? हा तर तुमच्याच विषयातला जुना प्रश्न.”

“प्रश्न जुना असेल. बाई आमची आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. लागोसचे तत्त्वज्ञ निरीक्षण मांडायला उठले, पण अध्यक्षस्थानी नैरोबीच्या डॉक्टर न्याम्बुरा होत्या. त्यांनी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं की उद्या सकाळी यावर खुली चर्चा होईल. “उत्तम,” हेफ्रन म्हणाले. “मी चित्रफीत पुन्हा लावतो. तिला त्रास होत होता का, सगळ्यांनीच बघावं.”

दुपारी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा घेऊन मी झाडाखाली बसले होते. तिथं फिफी एजिर आला. आम्ही एका वर्गातले. तो आता हेफ्रनच्या केंद्रात मेंदूच्या लहरींवर काम करतो.

“चांगलं बोललीस,” तो म्हणाला. “माझी नोकरी आहे म्हणून मी टाळ्या नाही वाजवल्या.”

“ते माहीतच आहे मला. भित्रा तू पहिल्यापासून.”

तो नेहमीसारखा हसला नाही. माशाचा काटा काढत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “अराबा, तिसऱ्या खेपेला ती रडते ना?”

“तुलाही दिसलं?”

“प्रत्येक व्याख्यानाआधी ती फीत मीच लावून तपासतो. ती रडते. नंतर अंगावरच्या कापडाच्या टोकानं नाक पुसते. प्रत्येक वेळी.”

“दुसरी प्रत असेल.”

“दुसरं चित्रणच नाही. मी आत्ता जाऊन पाहून आलो. तीच फीत, तीच तारीख, तेवढीच लांबी.” त्यानं ताट बाजूला ठेवलं. “अन् मी लावून बघितली तर ती पुन्हा तशीच बघत बसली होती.”

आम्ही ताटं उचलून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. हेफ्रन व्यासपीठावर उभे राहिले, करडा सूट, हातात रिमोट. म्हणाले, “भावना बाजूला ठेवून पाहा.” आणि त्यांनी फीत लावली.

बाक. उघडं डोकं. तारा. तरुण आवाज: “तुझा भाऊ क्वामेना कुठं आहे?”

थोरली आई काही बोलली नाही. फितीतला आवाज मात्र उत्तर मिळाल्यासारखा पुढे गेला. “तो चार वर्षांपूर्वी बुडाला, बाई.”

“काल सांगितलंत,” ती म्हणाली.

फॅन्टी भाषेत, बाजारातल्या तिच्या ठणठणीत आवाजात. आमच्या किनाऱ्याकडचे जेवढे लोक होते त्यांना ते समजलं. बाकीच्यांसाठी खाली इंग्रजी ओळ उमटत असे. तिथं अजून ‘संध्याकाळी येईल’ असंच लिहून येत होतं.

काळा पडदा आला. मग पुन्हा बाक.

“तुझा भाऊ क्वामेना कुठं आहे?”

“काल सांगितलंत. गेल्या वर्षी सांगितलंत. अक्राच्या मोठ्या हॉलमध्ये सांगितलंत, तिथं लोक चहा पीत होते.”

माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला. मी तिला ओळखत नव्हते.

थोरली आई आता हेफ्रनच्या आवाजाकडे बघत नव्हती. ती सभागृह बघत होती. रांगेवरून रांग, बाजारात गिऱ्हाइकं न्याहाळावीत तशी. मग म्हणाली,

“इतकी शिकलेली माणसं. घरी आलेल्याला आधी पाणी द्यावं, एवढं एकालाही कुणी शिकवलं नाही.”

हेफ्रननी कळ दाबली.

त्याआधी क्षणभर तिनं हात पुढे केला होता. तळहात आमच्याकडे, कुणी दार लावत असताना आपण करतो तसा.

पडदा पांढरा झाला. मग सगळे एकदम बोलू लागले. कुमासीचे एक जण म्हणाले, हल्ली संगणकावर कुणाच्याही तोंडी काहीही घालता येतं. मग माना माझ्याकडे वळल्या. तिथंसुद्धा दोष आमच्याच घरचा. मी म्हणाले, “आमच्या बाईचा अंगठा खोटा घेतला तेव्हा तुमच्यापैकी कुणी तपासायला आलं नाही. आता तपासा.” फिफीनं उभं राहून सांगितलं की फितीत फेरफार झालेला नाही. नोकरी असून सांगितलं. न्याम्बुराबाईंनी सभा तहकूब केली. जेवायला निम्मे लोक थांबलेच नाहीत.

मोटारी उभ्या होत्या तिथं हेफ्रननी मला गाठलं. चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह कोंबला.

“तुझं माणूस आहे. तू ने.”

“आणि केंद्रात आहेत त्या फिती?”

“सगळ्या नष्ट करतो. एक ठेवत नाही. झालं तुझ्या मनासारखं?”

“झालं,” मी म्हणाले. दोन वर्षं त्या एका शब्दासाठी भांडले होते. त्यांनी माफी मागितली नाही, हेही मी सोडून दिलं.

परिषदेनंतरच्या सोमवारी दुपारी मी आईकडे गेले. फीत पुसण्याआधी तिला बहिणीचा चेहरा एकदा बघायचा होता. आईनं नवं कापड गुंडाळलं, पावडर लावली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी फीत लावली. फितीतल्या माणसाचा आवाज ऐकायची मी तयारी ठेवली होती.

तो आलाच नाही. थोरली आई बाकावर बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला होता.

“आडवोआ,” ती आईला म्हणाली, “किती वाळलीस.”

आई घाबरली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली. “तुझ्यामागं कोण करतंय माझं? तू कशी आहेस, ताई?”

“आहे.”

मग त्या दोघी बोलत राहिल्या. माशांचे भाव, चर्चमधली भांडणं, कुणाची सून कशी निघाली. आई मध्येच हसली देखील. मी दाराशी उभी होते. शेवटी मी पुढे होऊन बंद करायला बोट नेलं.

“थांबवू नकोस, अराबा.”

“का?”

“थांबवलंस की इथं काळोख होतो.”

“किती वेळ?”

“कुणी पुन्हा लावीपर्यंत.”

ती फीत वर्षातून एखाद्या व्याख्यानापुरती लागे. कधी तेवढीही नाही. हेफ्रनचा इतका संताप मला कधी आला नव्हता. आणि दोन वर्षं मी सगळ्यांकडे जे मागत हिंडले होते, ते म्हणजे तिला कायमचं बंद करणं होतं.

“नाही थांबवत,” मी म्हणाले.

“बाकीच्यांनाही लाव.”

“कोण बाकीचे?”

“इथलेच. टेमाचा तो सुतार, ज्याला स्वतःचा हात ओळखू येत नाही. ती आंधळी, जी दिसतं म्हणते. पुष्कळ आहेत. त्यांना कित्येक वर्षांत कुणी लावलंच नाही. काळोखात हाका मारतात ते.”

मी बाहेर अंगणात जाऊन फिफीला फोन लावला. हेफ्रनच्या इतर रुग्णांच्या फिती कुठं आहेत, विचारलं.

“शनिवारीच जाळल्या,” तो म्हणाला. “केंद्रामागं पत्र्याच्या पिंपात. प्रोफेसर स्वतः उभे होते. म्हणाले, त्या एसिल्फीबाईला शब्द दिलाय, सगळ्या.”

“संगणकातल्या?”

“त्या मी पुसल्या. का गं? तुला हेच हवं होतं ना?”

मी आत आले. थोरली आई माझीच वाट पाहत होती.

“लावतेस ना त्यांना?”

“उद्या,” मी म्हणाले.

लॅपटॉप आता कायम चालू असतो. वीज जाते म्हणून मोठी बॅटरी आणून जोडली आहे. आई दुपारभर तिच्यापाशी बसते. मी रोज जाते. पूर्वी जिला दोन मिनिटांमागचं आठवत नसे, ती मी खोलीत पाय टाकताच आईशी चाललेलं बोलणं थांबवते आणि विचारते. मी म्हणते, उद्या.

गेल्या आठवड्यात तिनं विचारणं सोडलं. त्या दिवशी मात्र बाकावर ती थोडी बाजूला सरकून बसली होती, शेजारी कुणाला जागा द्यावी तशी. दुसऱ्या दिवशी आणखी सरकली. काल अगदी कडेला होती, एक हात बाकाला धरून.

आज गेले तर बाक रिकामा दिसत होता, पण त्यावर जागाच उरली नसल्यासारखी ती उभी होती.