अनुसयाबाईंचं मुखत्यारपत्र

सपनाचं पत्र येऊन महिना उलटला होता. प्रभाकररावांनी उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्रात एकच प्रश्न होता. 'काका, मरायच्या आदल्या दिवशी आई खरंच म्हणाली का, की मुलीचं तोंड पाहायचं नाही? नीलेश म्हणतो, व्हिडिओ आहे. मला दाखवत नाही.'

कायद्याचं काही विचारलं असतं तर त्यांनी पुस्तक उघडलं असतं. वकिली सोडलेला म्हातारा यावर काय सांगणार?

आणि आज सकाळी तिच्या भावाचा, नीलेशचाच फोन आला.

"काका, पुलगावले या. आजच. वर्ध्याले गाडी पाठवतो. दुबईवाल्यांनी अडवून ठेवलं."

पुलगावला खाली कापडाचं दुकान, वर घर. बैठकीत नीलेशच्या आईवडिलांचा, ताराचंद शेठ आणि अनुसयाबाईंचा, फोटो होता, हार घातलेला. अनुसयाबाईंचा पदर पाठीवरून येऊन उजव्या खांद्यावरून पुढे उतरला होता, छातीभर पसरलेला. या घरातल्या बायका तसाच घेत.

"दुबईचा फ्लॅट आईच्या नावावर," नीलेश म्हणाला. "आपल्यासारख्या परदेशी माणसाले तिथं ठरलेल्या भागातच घेता येते. बाबांनी तसाच घेतला. आता आईनं मले बक्षीस दिला. विकत घेतला असता तर सरकारची फी चार टक्के. आईनं पोराले दिला तर टक्क्याचा आठवा हिस्सा!"

"तुझी आई दुबईला गेली नव्हती."

"कशाले जाईन? तिथल्या वकिलाले मुखत्यारपत्र दिलं. नोटरी, दिल्लीचा शिक्का, त्यांच्या दूतावासाचा शिक्का, अरबी भाषांतर. समदं पक्कं."

"मग अडलं कुठे?"

"नोंदणी बुधवारी झाली. आई गुरुवारी पहाटे गेली. त्यांले शंका."

शंका रास्त होती. मुखत्यारपत्र देणारा मेला की त्याच क्षणी कागदही मरतो. त्यानंतर त्यावर केलेली नोंदणी टिकत नाही.

"तुम्ही बाबांचे जुने वकील. बुधवारी आई जिती होती, एवढं लिहून द्या."

"मी पाहिलं नव्हतं."

"मग आता पाहा." नीलेशने मोबाइल पुढे केला. "दुबईचा वकील बुधवारी दुपारी व्हिडिओवर बोलला तिच्याशी."

पडद्यावर उशीला टेकलेली बाई होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. परक्या पुरुषासमोर अनुसयाबाई तसंच करत. आवाज घोगरा. 'फ्लॅट नीलेशले. पोरीचं तोंड पाहाचं नाई मले.' बोलताना तिने डाव्या खांद्यावरून पाठीवर गेलेला पदर सावरला.

"पुन्हा लाव," प्रभाकरराव म्हणाले.

"ऐकू नाई आलं का? वय झालं तुमचं, काका."

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग चहा घेऊन आलेल्या जयवंताबाईंना थांबवलं. अनुसयाबाईंचं दुखणंखुपणं त्याच पाहत. सपनाला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं तेही त्यांनीच.

"शेवटी तुम्ही इथेच होता?"

"हाव. घरीच नाई गेली. मंगळवारपासून वरची फरशी पुसता पुसता कंबर गेली माही."

"फरशी कशाने भिजली?"

"बरफाचं पाणी वाहून राह्यलं होतं ना..." त्या थांबल्या. नीलेशकडे पाहिलं.

"ताप होता आईले," नीलेश म्हणाला. "पट्ट्या ठेवत होतो."

"पट्ट्यांच्या पाण्याने फरशी वाहत नाही. आणि इतका बर्फ घरात होता, तर अमरावतीहून सपना येईपर्यंत अंत्यसंस्काराला का थांबला नाहीस?"

"उन्हाळा होता, काका! बॉडी टिकते का?"

आपलं चुकलं तर? ताराचंदच्या मुलावर असला आळ? प्रभाकररावांनी घोटभर पाणी पिऊन घेतलं.

"जयवंताबाई, इथे दिवाणावर बसा. डोक्यावरून पदर घ्या."

"मी? काऊन?"

"घ्या तर."

त्यांनी घेतला. पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर गेलेला होता, तिथूनच डोक्यावर आला. शेतकरी घरातली बाई वेगळा कसा घेणार?

"आता त्या फोटोकडे बघा," प्रभाकरराव म्हणाले.

जयवंताबाईंची नजर फोटोवरून स्वतःच्या खांद्यावर आली.

"घोगरा आवाज जमला, घुंगट जमला. पदराची सवय मात्र गेली नाही. नीलेश, तुझी आई मंगळवारच्या आतच गेली होती. बुधवारच्या नोंदणीसाठी तुला जिवंत आई हवी होती. मेलेली वर बर्फावर ठेवलीस आणि दुसरी खाली कॅमेऱ्यासमोर बसवलीस. सपनासाठी मुद्दाम थांबला नाहीस. तिने हात लावला असता तर कळलं असतं, हे प्रेत आजचं नाही."

नीलेश हसला. "जाळलं तिले. आता काय तपासता, राख? आन् या म्हातारीचं कोन ऐकते?"

"दादा, असं नका बोलू," जयवंताबाई म्हणाल्या. "सिंदी मेघेचा प्लॉट..."

"कोनता प्लॉट?"

"तुमीच तं म्हनलं होतं, माह्या नावावर..."

"कागद हाय का तुह्याजवळ? प्लॉट पाहिजे म्हने! भांडे घास जाऊन."

जयवंताबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग त्या प्रभाकररावांशीच बोलू लागल्या.

"सोमवारी गेली बाई, साहेब. दिवसभर सपना, सपना करून राह्यली होती. मी म्हनलं, फोन लावा पोरीले. यानं मले खाली धाडलं आन् दाराले बाहेरून कडी घातली. दवा बी अंदरच, पानी बी अंदरच, उठाची ताकद नाई. संध्याकाळी कडी काढली तं संपली होती."

"आणि मुलीबद्दलचं ते वाक्य?"

"यानं शिकवलं. म्हने, तसं म्हनलं तं सपना हिस्सा मांगाले येनार नाई." त्यांनी तोंडावर हात मारून घेतला. "माह्या हातानं न्हाऊ घातलं त्या पोरीले. प्लॉटासाठी म्हनली मी."

"पोलिसांना हे सांगाल?"

"सांगीन. मले बी धरू द्या."

प्रभाकररावांनी ठाण्याला फोन लावला. बोलताना ते दोनदा अडखळले, पण सगळं सांगितलं.

नीलेश खुर्चीतून उठला नाही. "सपनाले लिहान ना, काका? हेही लिहा. आई हाका मारत होती आन् तिच्या लाडक्या जयवंतामावशीनं आईच्या आवाजात तिले हाकलून दिलं. पाहू, तिले कोनतं जास्त लागते."

जबाब होईपर्यंत दुपार कलली. पुलगाव स्टेशनच्या बाकावर प्रभाकररावांनी लिहायला घेतलं.

'चि. सपना, तुझी आई तसं बोलली नाही. ती तेव्हा नव्हतीच. होती तोवर तुझंच नाव घेत होती, आणि दाराला बाहेरून कडी होती. व्हिडिओतला आवाज जयवंताबाईंचा आहे.'

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. पेन त्यावर टेकलंही. पण उद्या कोर्टात ते सरकारी वकिलाच्या तोंडून, भर लोकांत, नीलेशच्या समोर तिला ऐकावं लागेल.

त्यांनी खोडलं नाही. पाकिटावर अमरावतीचा पत्ता घातला, आणि गाडी यायच्या आत पत्र पेटीत टाकलं.