बाळंतिणीच्या दारावरचा कागद

माझे सासरे संग्रहालयात वस्तू बांधायचं काम करतात. काल जेवणं झाल्यावर धाकट्या दिराने आणि नणंदेने भुताच्या गोष्टीसाठी त्यांना घेरलं. बाळाला मांडीवर घेऊन मीही बसले.

"आमच्या गाडीवाल्यावर बेतलं होतं हे," ते म्हणाले. "बारा मार्च, मंगळवार. एक ज्यू कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं. दिवे, पुस्तकं, पणजीच्या वेळचं सगळं त्यांनी संग्रहालयाला दिलं. दोन पेट्या भरून आम्ही पोचेपर्यंत कोठार बंद. पेटी रात्री गाडीत ठेवायची नाही, असा आमचा नियम. म्हणून एक मी घरी नेली, एक त्याने."

"तुमच्या पेटीला भूत पुरलं नाही वाटतं," दीर हसला.

"गप ऐक. त्याच्या पेटीत चौकटीतला एक कागद होता. बाळावर टपलेली बया उंबरा ओलांडत नाही, म्हणून पूर्वी ते लोक बाळंतिणीच्या दारावर तो लावायचे. हे मीच त्याला सांगितलं. जळलं माझं तोंड! त्याच्या घरी सहा दिवसांची मुलगी. दोन दिवस अंगावर पीत नव्हती."

मी बाळाला जवळ ओढलं.

"त्याने पेटी फोडली. आमच्यात हा गुन्हाच. सव्वाअकराला खोलीच्या दारावर कागद लावला. मुलगी रडायची थांबली. एकदम.

बायको म्हणाली, 'बघा, गुण आला.'

तेवढ्यात पाळणा हलला. वारा नव्हता. दोघंही दाराशी उभे...

मग पाळण्यापाशी कुणीतरी श्वास घेतला. मोठ्या माणसाचा.

तेव्हा त्याला कळलं. कागद लावेपर्यंत दार सताड उघडं होतं. जे यायचं ते आधीच आत आलं होतं... आणि आता कागदामुळे त्याला बाहेर पडता येत नव्हतं."

सासरे थांबले.

"बाबा... मुलगी?" मी विचारलं.

"त्याने कागद ओढून काढला. बायकोला बाजूला घेतलं. वाट दिली. हात जोडले.

काहीतरी जवळून गेलं. गार.

मुलगी रडली. आईने छातीशी धरली, तशी प्यायला लागली. सकाळी मी स्वतः पाहिली. खुशाल होती."

"मग झालं तर!" नणंद म्हणाली.

"सहा दिवसांच्या पोरीला केस ते किती? कानामागे चार. त्या चार केसांची वेणी घातलेली होती... घट्ट. आईने नव्हती घातली."